कोपरा फाटलेलं कार्ड

कागद चिकटवायची खळ शिजायला लागली की आमच्या घरात आधी मैद्याचा गोडसर वास यायचा आणि मग मोरचुदाचा. आत्या स्टोपाशी बसून लाकडी उलथनं फिरवत राहायची. त्या पातेल्याच्या कानाला तिनं लाल चिंधी बांधून ठेवली होती, कारण खळीला कीड लागू नये म्हणून घातलेलं मोरचूद म्हणजे विषच. तरीही ती दर वेळी बजावायची, "हे जेवाचं पातेलं नाई, ध्यानात ठेवा." जसं काही आमच्या घरात बोटानं खळ चाटणारं कोणी होतंच. घरात माणसं तीन. बाबा, मी आणि ती. बाबा पाटबंधारे खात्यात कारकून, दहाच्या ठोक्याला बाहेर पडणारे आणि संध्याकाळी पायातल्या वहाणा काढतानाच "चहा" म्हणणारे. मधला सगळा दिवस त्या दोन खोल्यांमध्ये कात्रीचा आवाज असायचा. आत्याची कात्री मोठी, काळ्या मुठीची, शिंप्याकडून जुनी घेतलेली. ती कागदातून सरळ जायची तेव्हा आवाज वेगळा आणि वळणातून जायची तेव्हा वेगळा. मी आतल्या खोलीत अभ्यासाला बसले असले तरी ती काय कापते आहे ते मला न बघता सांगता यायचं.

आई गेली तेव्हा मी लहान होते. तेव्हा बाबांची धाकटी बहीण, शालूआत्या, अंजनगाव सुर्जीहून महिनाभरासाठी म्हणून आली. भावाच्या पोरीला जरा चालतं-बोलतं करून देऊ, मग जाऊ. महिन्याचे दोन झाले, मग मला गोवर निघाला, मग शाळा सुरू झाली, मग दिवाळी आली. तिचं लग्नाचं वय त्या गडबडीत कधी उलटलं ते कोणाच्या लक्षातही आलं नाही. तिला कोणी थांब म्हटलं नव्हतं, आणि जा असंही कोणी म्हटलं नाही. बाबांनी तिला आयुष्यात कधी कशाला नाही म्हटलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. पण त्यांनी तिला कधी काही विचारलंही नाही. आज या वयात मला वाटतं, नाही म्हणणारा भाऊ एक वेळ परवडला असता, निदान भांडता तरी आलं असतं.

आत्याच्या हाताला रुखवताचा नाद होता. अमरावतीत आमच्या बुधवाऱ्यातल्या कुठल्याही पोरीचं लग्न ठरलं की तिची आई आमच्याकडे यायची. मांडवात नवरीकडचं टेबल मांडतात, त्यावर आत्याची कामं असायची. कार्डशीटचं तुळशीवृंदावन, क्रेप कागदाची कमळं, कापसाचे हंस, सुपाऱ्यांची सप्तपदी. मुलाकडच्या बायका नाकं मुरडायला म्हणून त्या टेबलाशी यायच्या आणि "कोनं केलं हो हे?" असं विचारून जायच्या. नवरी शरमून "आमीच केलं" म्हणायची, तशी रीतच होती. आत्या मागे बायकांत बसून पान लावत ऐकायची. लोकांच्या पोरींसाठी एवढी रुखवतं केली, स्वतःसाठी एक सुपारीसुद्धा रंगवली नाही. तिला त्याबद्दल वाईट वाटतं का, असं मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "वाईट कायचं वं? हलवाई काय रोज पेढे खाते का?" तेव्हा मला ते उत्तर फार हुशारीचं वाटलं होतं.

कागद अकोल्याहून यायचा. तिथल्या जुन्या बाजारात मधुकररावांचं कागदाचं दुकान होतं आणि महिन्यातून एकदा ते एसटीनं अमरावतीला येऊन इथल्या गिऱ्हाइकांना माल देऊन जायचे. उंच, जरा वाकलेले, खिशाला पेन. बायको लवकर गेलेली, मूलबाळ नाही, घरी म्हातारी आई. हे सगळं आम्हाला माहीत होतं, कारण समोरच्या काकूंना माहीत होतं, आणि काकूंना जे माहीत ते गल्लीला माहीत. ते आमच्या खोलीत कधी आले नाहीत. बाबा ऑफिसात असायचे, म्हणून ते ओट्यावरच सतरंजीवर बसायचे, दार सताड उघडं, आणि आत्या उंबऱ्याच्या आत. बोलणं फक्त कागदाचं. हा जास्त पितो, खळ लावली की सुरकुततो. तो घडीवर तडकतो. मधुकररावांना एक सवय होती. कुठलाही कागद हातात आला की ते आधी तो उजेडाकडे धरायचे, एक डोळा बारीक करून, आणि मगच बोलायचे. चहाबरोबर आत्यानं उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिल्या, तर शेंगसुद्धा एकदा उजेडात धरायचे. आत्या पदर तोंडाला लावून हसायची. ती घरात इतर कोणापुढे पदर तोंडाला लावत नसे. आणि त्यांची गाडी यायची त्या दिवशी ती सकाळी एकदा घातलेली वेणी दुपारी सोडून पुन्हा घालायची. मी कॉलेजात शिकणारी घोडी, मला हे सगळं दिसत होतं, आणि मला त्याची गंमत वाटायची. गमतीच्या पुढे माझं डोकं गेलं नाही.

तोवर गावात केबल आली होती आणि केबलच्या मागोमाग व्हॅलेंटाइन आला. आमच्या कॉलेजच्या रस्त्यावर एक गिफ्टचं दुकान निघालं होतं, काचेचा दरवाजा आणि आत उग्र अत्तराचा वास. तिथली मुंबईहून आलेली कार्डं आम्ही पोरी हातात घेऊन उघडायचो, गाणं वाजलं की दचकून परत ठेवायचो. माझी मैत्रीण रेखा एक दिवस तसलं एक कार्ड घेऊन आमच्या घरी आली. दुकानदार तिच्या ओळखीचा. तो म्हणत होता, की असं हातानं केलेलं इथंच मिळालं तर पोरंपोरी उड्या टाकतील. रेखानं कार्ड आत्यापुढे धरलं. "आत्याबाई, असं जमन का तुमाले?"

आत्यानं ते उलटंपालटं करून पाहिलं. "मशीनचं आहे. जमाले काय झालं. पन हे कायचं कार्ड म्हनाव?"

"मैत्रीचं," मी घाईनं म्हटलं.

"मैत्रीले बदाम कायले पाह्यजे?" ती म्हणाली. पत्त्यातला बदाम तिला माहीत होता. आत्या काही खुळी नव्हती. तिनं माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, मग कात्री उचलून कागदाची घडी घातली आणि अर्धा बदाम असा कापला, की उघडल्यावर दोन्ही गाल अगदी सारखे. "घे. लोकाइचं पोट्टं, लोकाइची पोट्टी, आपल्या बापाचं काय जाते."

अशी ती कार्डं सुरू झाली. ते दिवस आठवले की माझ्या बोटांना अजून खळीचा चिकटपणा जाणवतो. दुपारी जेवणं झाली की सतरंजीवर कागद पसरायचा. जेवण म्हणजे त्या दिवसांत सोलेभात, नाहीतर सोल्यांची आमटी आणि ज्वारीची भाकर. सोले म्हणजे तुरीचे हिरवे दाणे, ते सोलून सोलून नखं काळी झालेली, ती आधी लिंबानं घासायची, नाहीतर पांढऱ्या कागदावर डाग. मग मी घड्या घालायची, रेखा काचेच्या बांगडीनं त्या घोटायची, आणि आत्या कापायची. दुकानदाराला नुसती कार्डं नको होती, गिफ्टचं पॅकिंगही हवं होतं. त्याच्याकडे कपबश्या, बाहुल्या, फोटोच्या चौकटी यायच्या त्या नुसत्या पुठ्ठ्याच्या खोक्यात. आत्यानं साडीच्या दुकानातून रिकामी खोकी आणली, त्यांना पतंगी कागद चढवला, वर क्रेपचा गुलाब. रिबिनीवरून कात्रीचं पातं ओढलं की ती गुंडाळी होऊन वर उडते, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. झाकण उघडलं की आतून कागदाची चार फुलं उभी राहायची, ती युक्ती रुखवतातल्या कमळाची. नवरीच्या टेबलावरचं सगळं सामान तिनं त्या खोक्यांमध्ये घातलं. रेखा म्हणायची, आत्याबाई, तुमच्या खोक्यापायी आतल्या कपाची किंमत वाढते. आत्या म्हणायची, "आतलं फुटलं तरी खोकं ठेवन की पोट्टी. संदुकीत ठेवन."

एका मासिकात मी फाटक्या कडेचं कार्ड पाहिलं होतं. कागद कापायचा नाही, ब्रशनं पाण्याची रेघ ओढायची, कागद ओला झाला की हळूच फाडायचा. कड मऊ, तंतू सुटलेली येते. मी एका कार्डाचा वरचा कोपरा तसा फाडला आणि खालून गुलाबी कागद लावला. आत्यानं पाहिलं आणि माझ्या हातातून ते काढूनच घेतलं.

"कोपरा फाडते काय वं? सुतकाचं आहे का हे?"

आता हे आजच्या मुलांना सांगावं लागेल. तेव्हा कोणाच्या जाण्याची बातमी पोस्टकार्डानं यायची, आणि त्या कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा. पोस्टमननं तसं कार्ड हातात दिलं, की ते बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं, आंघोळ करायची आणि मगच घरात पाऊल. घरात तसला कागद ठेवायचा नाही. मलाही हे ठाऊक होतं. पण मी हसले. म्हटलं, आत्या, कॉलेजच्या पोरींना हे कुठं माहीत, आणि कार्ड तर दुकानातून हातोहात जातं, पोस्टानं थोडंच जातं. रेखा पण म्हणाली, फॅशन आहे. आत्या बडबडत राहिली, पण दुकानात फाटक्या कोपऱ्याची कार्डं आधी संपली आणि दुकानदारानं तीच मागितली. मग ती फाडायला लागली. आधी तोंड वाकडं करून, मग नुसतीच, मग बोलता बोलता. पाण्याची रेघ, चिमूट, सर्रकन कोपरा. जानेवारी सरेपर्यंत तिच्या हातांना ते इतकं बसलं की ती खिडकीबाहेर बघतसुद्धा कोपरा फाडायची.

एकदा रेखा नव्हती. आत्या माझ्याकडे न बघता म्हणाली, "मंगू, हे कार्ड ज्याले जाते, त्यानं मंग काय कराचं असते?"

"काही नाही. आवडलं तर तो येतो. नाही आवडलं तर गप बसतो."

"येते म्हनजे? घरी?"

"घरी म्हणजे, भेटायला. येतो, बस्स."

"अस्सं," ती म्हणाली आणि बराच वेळ एकाच बदामाची कड घोटत बसली.

दोन-तीन दिवसांनी मी कॉलेजातून आले तर ती उंबऱ्याशी घोंगडीची घडी घालून, त्यावर पांढरा हातकागद ठेवून सुईनं काहीतरी टोचत होती. तो कागद मधुकररावांनी नमुना म्हणून दिलेला, जाड, महाग, तिनं तो कितीतरी दिवस गादीखाली सांभाळून ठेवला होता. बदाम नाही, गुलाबी नाही, चमकी नाही. पांढऱ्यावर पांढरं. मला वाटलं, कोरंच आहे. ती म्हणाली, "उजेडात धर." मी दाराकडे धरलं. आणि त्या कोऱ्या कागदात एक बदाम उमटला, सुईच्या भोकाभोकांचा, आणि त्याच्या आत कापसाचं बोंड, फुटलेलं, पाकळी न् पाकळी. मी खाली केलं, गेलं. वर धरलं, आलं.

"नुसतं पाह्यलं तर काहीच नाई," आत्या म्हणाली. तिचे कान लाल झाले होते. "उजेडात धरन त्यालेच दिसन."

कागद उजेडात धरणारा माणूस आमच्या ओळखीत एकच होता. मी तिला मिठी मारली. तिनं मला ढकललं, "खळीचे हात आहेत." आत तिनं फक्त 'शालिनी, अमरावती' एवढंच लिहिलं. मी म्हटलं, अजून काही लिही. ती म्हणाली बुकपोस्टानं पाठवायचं आहे, जास्त लिहिलं तर पत्राचं तिकीट लागतं. आणि मग खरं कारण सांगितलं. "बंद पाकीट आलं की घरचे लोकं फोडून पाह्यतात. उघड्या पाकिटाले कोनी पुसत नाई." एवढा विचार तिनं केला होता. तिकिटाचा केला, पाकिटाचा केला, त्यांच्या आईच्या नजरेचा केला. कार्डाचा वरचा कोपरा पाण्याची रेघ ओढून फाडलेला होता, खाली दुसरा पांढरा थर लावून. तिच्या हातानं सवयीनं फाडला होता. मी उजेडाकडे बघत होते. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. कोपरा दोघींनाही दिसला नाही. ते कार्ड मीच चौकातल्या पेटीत टाकलं आणि येताना आनंदानं गिला वडा खाल्ला.

कार्ड टाकल्यानंतरचा तो रविवार होता. दुकानाची शेवटची ऑर्डर, सगळी खोली लाल. खोक्यांवर खोकी, दोरीवर वाळत घातलेले बदाम, रिबिनींच्या गुंडाळ्या. बाबा सुट्टीमुळे घरी, त्या पसाऱ्यात खुर्चीची जागा शोधून पेपर वाचत होते. दार वाजलं. वाऱ्यानं कागद उडू नयेत म्हणून लोटलेलं दार आत्यानं हात पुसत जाऊन उघडलं.

दार वाजवून मधुकरराव पुन्हा ओट्याच्या खाली उतरून उभे होते. डोक्याला पांढरा रुमाल, दाढी वाढलेली, हातात पिशवी नाही, कागदाचं भेंडोळं नाही. डोळे सुजलेले. आत्याला पाहिलं आणि ते ओट्याच्या पायरीवर मटकन खाली बसले.

"तुमी आहा?" ते म्हणाले.

"आहो ना," आत्या म्हणाली. "काहून? काय झालं?"

ते नुसते तिच्याकडे बघत राहिले, खालून वर, वरून खाली, आणि मग त्यांनी तो रुमाल डोक्यावरून काढून तोंडावर धरला. मी आतून तांब्या घेऊन धावले. बाबा बाहेर आले. समोरच्या काकू ओट्यावर आल्या. शेजारचे दोघे-तिघे आले. रडणारा परका पुरुष आमच्या गल्लीत रोज बघायला मिळत नव्हता.

पाणी पिऊन त्यांनी सांगितलं. आदल्या दिवशी दुपारी ते दुकानात असताना घरी पोस्टमन आला. आईनं पाकीट घेतलं, आतून कार्ड निघालं पांढरं, कोपरा फाडलेला. तिला वाचता येत नव्हतं, तिनं शेजारणीला दारातच वाचायला लावलं. शेजारीण म्हणाली, काही लिहिलं नाही, नुसतं नाव आहे, शालिनी, अमरावती. म्हातारीनं ते तिथंच फाडलं, नालीत टाकलं, डोक्यावरून आंघोळ केली. रात्री मुलाला जेवायला वाढल्यावर सांगितलं, की तुह्या गिऱ्हाइकातली ते अमरावतीची कागदवाली बाई गेली बाप्पा. ते पहिल्या गाडीनं निघाले. मूर्तिजापूरला गाडी बंद पडली, तिथून ट्रकमध्ये बसून बडनेऱ्यापर्यंत आले.

काकूंना हसू आवरलं नाही. एक हसलं की गल्ली हसते. कोणीतरी म्हणालं, "जित्या बाईचं सुतक पाळलं ना बाप्पा म्हातारीनं." बाबाही हसले, पण बरं वाटून. त्यांनी मधुकररावांच्या पाठीवर हात ठेवला. "खोटी बातमी आली की आयुष्य वाढते म्हणतात. वाढलं म्हणायचं आमच्या शालूचं." आणि मग त्यांच्यातला कारकून जागा झाला. "पण कार्ड पाठवलं कोणी? कसलं कार्ड?"

सगळ्यांनी आत्याकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती, मागे सगळी लाल खोली. मी तिचा चेहरा बघत होते. मी तुम्हाला खरं सांगते, तिला उत्तर मिळालं होतं. आवडलं तर तो येतो, असं मीच तिला सांगितलं होतं, आणि तो आला होता, दाढी न करता, ट्रकमध्ये बसून. कार्ड न बघता आला होता. एवढं स्वच्छ उत्तर त्या वर्षी अमरावतीत दुसऱ्या कोणाला मिळालं नसेल. तिनं तोंड उघडलं.

"नमुना होता," आत्या म्हणाली. "नवीन कार्डाचा. कागदाच्या मालकाले दाखवाव म्हणून पाठवला. कोपऱ्याचं माह्या ध्यानात आलं नाई. चुकी झाली."

"नमुना," मधुकरराव म्हणाले.

"हो."

गल्ली पांगायला लागली, नमुन्यात कोणाला रस. मग मधुकरराव उठले, रुमाल घडी करून खिशात घातला. बाबा जेवून जा म्हणाले, सोलेभात झाला होता. त्यांनी हात जोडले. ओट्यावरून उतरताना ते थांबले आणि आत्याकडे न बघता म्हणाले, "तो नमुना माह्या पाहण्यात नाई आला. दुसरा पाठवा."

आत्या "हो" म्हणाली. मी ऐकलं. बाबांनीही ऐकलं असेल, पण बाबांना त्यात कागदाचा व्यवहार ऐकू आला.

दुसरा तिनं पाठवला नाही. मी मागे लागले, भांडले. एकदा तर रडलेही. कागद उरला होता, सुई होती. ती आधी टाळत राहिली, आणि मग एका दुपारी भाकरी थापता थापता म्हणाली, "त्याच्या बुढीनं माह्या नावाची आंघोळ केली, मंगू. ज्या नावाचं पानी डोक्शावरून घेतलं, ते नाव त्याच उंबऱ्यातून सून म्हणून आत कसं जाईन? म्हातारी रोज मले पाहीन अन् रोज तिले तेच आठवन."

"त्यांना नाही ना आठवणार. ते तर आले."

"आला," ती म्हणाली. भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. "मेल्यावर आला. पन आला. लई झालं तेवढं."

मला तेव्हा तिचा इतका राग आला की मी जेवले नाही. आता राग येत नाही, पण लई झालं हे मला आजही पटलेलं नाही. ते लई नव्हतं. ती अजून चाळिशीचीही नव्हती. गल्लीतल्या बायका कित्येक महिने नळावर तिला विचारायच्या, "काय शालूबाई, आहा ना?" ती हसून "आहो" म्हणायची. मधुकरराव त्यानंतर स्वतः कधी आले नाहीत. कागद एसटीच्या कंडक्टरबरोबर यायचा, भेंडोळ्यावर आमचा पत्ता त्यांच्या अक्षरात. आणि पुढच्या वर्षी माझं लग्न ठरलं तेव्हा तो जपून ठेवलेला उरलेला हातकागद आत्यानं काढला आणि माझ्या रुखवतातले हंस केले. बाई, असं रुखवत वऱ्हाडात कोणाचं झालं नसेल. माझ्या सासूबाईंनी विचारलं, कोणी केलं, आणि मी रीत मोडून सांगितलं, माझ्या आत्यानं.

माझं सासर पडलं अकोल्यात. बाजारात जाताना त्यांचं दुकान लागायचं. मी आत गेले की ते हातातलं काम ठेवायचे, "आत्याबाई बऱ्या आहेत ना?" मी म्हणायची, बऱ्या आहेत काका. माहेरी गेले की आत्या तव्यापाशी पाठमोरी बसून विचारायची, "कागदवाले बरे आहेत?" मी म्हणायची, बरे आहेत. इतकी वर्षं मी हे दोन शब्द इकडून तिकडे, तिकडून इकडे एसटीनं वाहिले. त्यांची आई गेली तेव्हा मी मुद्दाम तेवढ्यासाठी अमरावतीला आले. वाटलं, आता उंबऱ्यात कोणी नाही. आत्या म्हणाली, "हो का. वय झालं होतं त्याइचं." आणि माझ्यापुढे तुरीच्या शेंगांनी भरलेलं सूप सरकवलं, "बसलीच आहेस तर सोल." बाबांचे गुडघे तोवर गेले होते, त्यांना उठवून बसवायला माणूस लागायचं. ते माणूस कोण, हे याही वेळी कोणी विचारलं नाही.

माझी नात परवा मला तिच्या क्राफ्टचा व्हिडिओ दाखवत होती. पाण्याची रेघ ओढायची, कागद फाडायचा, कड बघ आजी कशी मस्त येते. तिच्या वर्गातल्या मैत्रिणीसाठी ती व्हॅलेंटाइनचं कार्ड करत होती, आता शाळेतली पोरं सगळ्यांनाच देतात. मी तिला म्हटलं, कोपरा नको फाडू, बाजू फाड. ती म्हणाली, का? मी सांगायला लागले, पण पोस्टकार्डापासून सांगावं लागलं आणि तिचं लक्ष उडालं. तिनं कोपरा फाडला, छान दिसत होता.

बाबांनी म्हटल्याप्रमाणे आत्याचं आयुष्य मात्र वाढलं. बाबांच्या मागे कितीतरी वर्षं ती त्याच दोन खोल्यांत राहिली, डोळे गेले तरी बोटांनी चाचपून कमळं करायची. या थंडीत, सोल्यांच्याच दिवसांत, ती गेली. मी तिच्या उशाशी होते. नातेवाइकांना मोबाइलवर कळवून झालं, अंजनगावच्या लोकांना कळवून झालं, आणि मग मी फोन हातात धरून ओट्यावर येऊन बसले. अकोल्याचं दुकान आता मधुकररावांचा पुतण्या बघतो, त्याच्याकडून घरचा नंबर मिळाला. फोन त्यांनीच उचलला. आवाज थकलेला, पण ओळखीचा. मी नाव सांगितलं आणि म्हटलं, काका, आत्या गेली.

पलीकडे टीव्हीचा आवाज बंद झाला.

"या खेपेले खरंच का?" ते म्हणाले.

"हो काका. खरंच."

"मंग येतो मी," ते म्हणाले. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, काठी शोधत असावेत. "मागच्या खेपेले आलो होतो ना, तर दार तिनंच उघडलं होतं."